आंबिल ओढ्याकाठच्या लोकांच्या आठवणी मुलं गोळा करतील, पण त्या महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयापर्यंत न्यायच्या कशा?

पाटीपेन्सिल
आमच्या महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची ४० मुलं आहेत. दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे प्रत्येकी ६० तास. जागा ठरली आहे: पुण्यात दांडेकर पूल ते टांगेवाले कॉलनी हा ओढ्याकाठचा पट्टा. रहिवाशांना भेटून ओढा, पूर, पाणी, रस्ते यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, त्यांचं प्रदर्शन लावायचं आणि त्यातून लोकांनी वॉर्डाच्या कारभारात भाग घ्यावा, असा बेत आहे. २० जोड्या, प्रत्येकी तीन मुलाखती, एकूण ६०.

प्रश्न दोन. मुलाखती नीट व्हाव्यात म्हणून काय काळजी घ्यायची? आणि प्रदर्शनानंतर टाळ्या वाजवून सगळे घरी जातात, तसं होऊ नये म्हणून काय करायचं? जाणकारांनी लिहावं.

चिंचेचं_बोटूक
उत्तम विषय. वाचनखूण साठवली.

गाळमोजणी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण त्यावर पहिल्याचं अवलंबून आहे. "आमच्या वेळी ओढा स्वच्छ होता" ही आठवण गोड आहे, पण महापालिकेत तिला टेबल नाही. प्रत्येक मुलाखतीतून एक ओळ अशी निघाली पाहिजे, जिच्यात जागा, काळ, नेमकं काय होतं आणि ते कोणत्या खात्याचं काम, हे चारही असतील. मलनिःसारण, पथ, विद्युत, घनकचरा, पाणीपुरवठा, उद्यान ही खाती मुलांना आधी पाठ हवीत. विजेचा खांब गंजलाय म्हटल्यावर तो रस्त्यावरच्या दिव्याचा की महावितरणचा, हे तिथेच विचारायचं. दिव्याचा असेल तर महापालिका, घरगुती जोडणीचा असेल तर महावितरण. चुकीच्या दारात गेलेला अर्ज परत यायला महिना जातो आणि तेवढ्यात मुलांची परीक्षा येते.

पुण्यात क्षेत्रीय कार्यालयं १५ आहेत आणि ओढा हद्दी बघून वाहत नाही. आपला पट्टा कोणत्या कार्यालयांत विभागला जातो ते नकाशावर आखून मगच जोड्या वाटा.

उंबरठा
गाळमोजणी, तुमचं बरोबर असेल, पण माणसाच्या साठ वर्षांच्या आठवणीचं तुम्ही तक्रारवहीतलं पान करून टाकलंत. गटाराचं झाकण मोबाइल ॲपवरही कळवता येतं, त्यासाठी ४० मुलं कशाला?

गाळमोजणी
@उंबरठा, ॲपवर आजचं झाकण कळतं. तेच झाकण दर दोन वर्षांनी त्याच जागी का फुटतं, हे समोर राहणाऱ्या आजींना माहीत असतं: कचऱ्याची गाडी तिथेच वळते. मुलांनी मिळवायची ती ही माहिती. बाकी आठवण अख्खी राहू द्या की, मी फक्त तिच्यातून एक ओळ वेगळी काढा म्हणतोय.

आजोबांचा_रेडिओ
आवाजाबद्दल लिहितो. वेगळं यंत्र नको, फोन चालतो. पण:

विमान मोड लावा. मध्येच फोन आला की काही फोनांत मुद्रण थांबतं आणि ते कळतं घरी गेल्यावर. फोन स्टीलच्या टेबलावर किंवा ट्रंकेवर ठेवू नका, खाली दुमडलेला टॉवेल घाला. बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतर. शर्टाला लावायचा साधा मायक्रोफोन मिळाला तर उत्तम, मात्र पदराला लावू नका. पदर सारखा केला की खरखर येते. ब्लाऊजच्या काठाला किंवा ओढणीखाली आजींनी स्वतः लावायचा.

पंखा बंद करा म्हणणं मे महिन्यात शक्य नाही, निदान पंख्याच्या थेट खाली बसू नका. सगळ्यात मोठे शत्रू तीन: कुकर, टीव्ही आणि पत्र्यावरचा पाऊस. पहिल्या दोघांची वेळ सांभाळता येते. पावसात पत्र्याच्या घरात मुद्रण करूच नका, नुसती टिपणं घ्या.

सुरुवातीला तारीख, जागा आणि मुलाखतीचा क्रमांक मुलांनी स्वतः बोलून घ्यावा. शेवटी अर्धा मिनिट कोणीच बोलायचं नाही, खोलीचा आवाज तेवढा घ्यायचा. प्रदर्शनासाठी तुकडे जोडताना तो लागतो.

फाइल व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवू नका, दस्तऐवज म्हणून पाठवा. एम४ए प्रकारात तासाला साधारण ६० एमबी, डब्ल्यूएव्ही एकपदरी (मोनो) घेतलं तर ३०० च्या वर. ६० मुलाखतींना एम४ए पुरे. त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवा. फाइलचं नाव "आजी नवीन फायनल २" असं नको. तारीख-जोडी क्रमांक-मुलाखत क्रमांक, बस.

भिडू_नं_७
"आजी नवीन फायनल २" 😂 माझ्या लॅपटॉपवर कोणी नजर ठेवून आहे काय?

खडूचा_तुकडा
रेडिओकाका, लेखी उतरवण्याचं काय? ६० मुलाखती, सरासरी ४० मिनिटं, म्हणजे ४० तासांचा ऐवज. मराठीत एक तास ऐकून उतरवायला नवख्या माणसाला पाच तास धरा. २०० तास! जोडीमागे दहा तास फक्त टंकनाचे.

आजोबांचा_रेडिओ
सगळं उतरवायचंच नाही. दर पाच मिनिटांना एक ओळ: "१०:००, नळाची वेळ, १५:००, २०१९ चा पूर, भिंत पडली." याला मुलाखतीच्या दीडपट वेळ पुरतो. मग निवडलेली तीन-चार मिनिटंच अक्षरशः उतरवा. यंत्राकडून लिहून घेतलंत तर गावठाणातली, पेठांतली नावं तपासाच. "आंबिल"चं काय काय होईल ते सांगता येत नाही.

कानामात्रा
अक्षरशः म्हणजे किती अक्षरशः? बाई "पानी आलं न्हाई" म्हणाल्या तर तसंच लिहायचं की "पाणी आलं नाही"?

उंबरठा
तसंच. बोली सुधारणारे आपण कोण?

कानामात्रा
पण शेजारच्या फलकावर निवृत्त शिक्षकांची आठवण शुद्ध छापील आणि बाईंची बोलीत, असं झालं की वाचणारा एकाला शहाणा नि दुसऱ्याला अडाणी ठरवतो. शिक्षकही घरात "बगितलं"च म्हणतात, ते मुलं गुपचूप "बघितलं" करतात. नियम सगळ्यांना एकच हवा. माझ्या मते शब्द आणि वाक्याची रचना बोलणाऱ्याची ठेवा, उच्चारांचं लेखन प्रमाण करा. आणि छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा. बहुतेक जण एखादं नाव काढायला सांगतात. ते काढायचं, वाद घालायचा नाही.

सौ_टपालहंशील
या काठी वडारी, कैकाडी बोलणारी घरंही भेटतील. तिथे मराठीत प्रश्न, मराठीत उत्तर असंच होणार. शक्य असेल तिथे एक आठवण त्यांच्या भाषेत मुद्रित करून ठेवा, अर्थ नंतर त्यांच्याच घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून समजून घ्या. तिचं नाव श्रेयात घाला.

मुठाकाठ
एक दुरुस्ती वेळीच. लोकांच्या बोलण्यात दोन पूर एकमेकांत मिसळतात. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर धरण फुटल्यामुळे मुठेतून आला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पूर कात्रजकडच्या पावसाने आंबिल ओढ्यातून आला. टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर भाग त्यात सापडला. एक नदीचा, एक ओढ्याचा. उपायही वेगळे. "पुराचं पाणी" एवढंच लिहून आलात तर कार्यालयातला माणूस पहिल्या वाक्याला फाइल मिटेल.

सन विचारू नका, सन कोणाला आठवत नाही. खुंटी विचारा: पानशेतच्या आधी की नंतर? बाहत्तरच्या दुष्काळात नळ होता का? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा हा पूल होता का? थोरल्या मुलीचं लग्न आधी की भिंत आधी?

पाण्याच्या उंचीचंही तेच. "कमरेएवढं" हे माप आहे, पण कोणाच्या कमरेएवढं? भिंतीवर हात ठेवायला सांगा, जोत्यापासून टेपने सेंटिमीटर मोजा, टेप धरूनच फोटो काढा. अशा वीस-पंचवीस खुणा एका नकाशावर आल्या की पाणी कुठून शिरलं ते आपोआप दिसतं. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात वजनदार वस्तू हा नकाशा ठरेल.

भिडू_नं_७
आमच्याकडे "गुडघाभर" हे माप घरमालक आणि भाडेकरू यांच्यात वेगवेगळं असतं.

पेशवाई_पाईप
अवांतर: सारसबागेचं तळं याच ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांच्या काळात झालं, आणि कात्रजहून दगडी नळाने शहरातल्या हौदांत पाणी आलं तेही त्याच काळात. जुन्या लोकांना हौदांच्या जागा विचारा. कित्येक बुजले आहेत.

मुठाकाठ
अवांतर नाहीच हे. ओढा एकदा वळवलेला आहे हे मुलांना ठाऊक हवं. पाणी जुनी वाट विसरत नाही.

काळजीवाहू
सगळे उत्साहात आहेत म्हणून जरा ब्रेक लावतो. २०२१ साली याच ओढ्यालगत दांडेकर पुलाजवळच्या घरांवर कारवाई झाली होती. तेव्हापासून वही-पेन घेऊन दारात उभा राहिलेला कोणीही सर्व्हेवाला वाटणं साहजिक आहे. मुलांना गळ्यात ओळखपत्र, हातात महाविद्यालयाचं पत्र आणि तोंडात एक स्पष्ट वाक्य हवं: "आम्ही कोणत्याही योजनेचा सर्व्हे करत नाही, आमच्या हातात घर देणं-काढणं नाही."

आता अतिशय महत्त्वाचं. "तुम्ही इथे कधी आलात?" हा कुठल्याही मुलाखतीचा पहिला, निरागस प्रश्न. झोपडपट्टीत तो निरागस नाही. मोफत पुनर्वसनाच्या पात्रतेसाठी १ जानेवारी २००० ही तारीख आहे, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क. एखादी बाई गप्पांच्या ओघात "आम्ही २००४ ला आलो" म्हणाली आणि ते नावानिशी, फोटोनिशी फलकावर लागलं, तर तिच्या घराचा प्रश्न तुम्ही चौकात टांगलात. वाड्यांमध्ये हेच पोटभाडेकरू, पागडी, न्यायालयातला दावा याबाबत. येण्याचं वर्ष, घर कोणाच्या नावावर, भाडं किती, हे तीन प्रश्न वहीतून काढून टाका. बोलताना आपसूक आलं तर तो तुकडा प्रदर्शनात जाणार नाही, असं आधीच ठरवा.

पाटीपेन्सिल
@काळजीवाहू, पहिलाच प्रश्न तोच होता. खोडला. संमतीपत्र एक पानी केलं आहे, ते पुरेसं आहे का?

काळजीवाहू
एक पान ठीक, पण एक सही नको. वेगवेगळी होकाराची घरं हवीत: आवाज वापरू का, नाव लावू का, फोटो लावू का, आणि हे महापालिकेच्या अर्जाला जोडू का. "आवाज हो, नाव नको" म्हणायची सोय पाहिजे. मोठ्याने वाचून दाखवा, अंगठा असेल तर साक्षीदार घरातलाच. नकार कळवायला एक तारीख आणि एकच फोन क्रमांक द्या, तो महाविद्यालयाचा, मुलींचा नव्हे. १८ वर्षांखालच्या कोणाशी बोलणार असाल तर पालकांची संमती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा कायद्यातही १८ खालचा म्हणजे बालकच.

सौ_टपालहंशील
वेळ कोणी लिहिली नाही. बायकांना सकाळी नळ असतो, दुपारी एक ते तीन पाठ टेकतात, सात ते नऊ स्वयंपाक आणि मालिका. तुमच्या हातात येते चार ते सहा. पुरुष रविवारी सकाळी. जोडीत एक मुलगी हवीच. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोघांनी प्रश्न विचारले की माणूस चौकशीला बसल्यासारखा होतो.

शेजारीण येणार आणि "तसं नव्हतं गं ते" म्हणत मध्ये पडणार. हाकलू नका! दोघींचं भांडण हीच खरी मुलाखत. फक्त दुसऱ्या बाईचीही संमती घ्या.

आणि "आपणास कोणत्या नागरी समस्या भेडसावतात?" असलं वाक्य बोललात तर उत्तर येईल "काही नाही, सगळं चांगलं आहे." "काल पाणी किती वाजता आलं?" विचारा. मग तासभर थांबवता येणार नाही.

खडूचा_तुकडा
+१. लाइट बिल किंवा जुना फोटो दाखवा म्हटलं की बोलणं सुरू होतं. लग्नाच्या फोटोत मागे नेहमी रस्ता, नळ, झाड असतं.

नदीपल्याड
ओळख कोणामार्फत करून घ्यायची? मंडळ की बचत गट?

सौ_टपालहंशील
दोन्ही, शिवाय अंगणवाडी सेविका आणि आशाताई. एकाच दारातून गेलात तर त्याच गोटातली माणसं भेटतात. ६० पैकी निम्मी तरी ओळखीशिवाय, गल्ल्यांतली दर पाचवी-सहावी दारं वाजवून घ्या.

तिसरी_घंटा
खरं सांगू? विद्यार्थी येतात, रडकं ऐकतात, फोटो काढतात, गुण घेतात, जातात. वस्तीने असे पाच प्रकल्प पाहिलेले असतात. लोकसहभाग वगैरे शब्द छान आहेत.

गाळमोजणी
@तिसरी_घंटा, म्हणूनच ६० पैकी शेवटचे १५ तास परत जाण्यासाठी राखून ठेवावेत, आणि गुणही त्यालाच असावेत. मुलाखत घेतली म्हणून गुण नाहीत. वाचून दाखवून आलात, सही घेतली, माणसाला कार्यालयात सोबत नेलंत, त्याचे गुण.

आता पाटीपेन्सिल यांच्या मूळ प्रश्नाकडे. पुण्यात २००६ पासून नागरिकांचं अंदाजपत्रक आहे: नागरिकांनी आपल्या प्रभागातलं काम सुचवायचं, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. एका कामाला पाच लाखांची मर्यादा असे. यंदाचं परिपत्रक वाचून घ्या. मुलाखती जुलैअखेर संपल्या पाहिजेत, नाहीतर तुमचं प्रदर्शन दिवाळीत आणि मुदत गेलेली.

अर्ज कशामुळे बाद होतात? "रस्ते सुधारावेत" असं मोघम लिहिल्यामुळे, काम सोसायटीच्या आत, म्हणजे खाजगी जागेत असल्यामुळे, किंवा रक्कम मर्यादेबाहेर गेल्यामुळे. ओढ्याची सीमाभिंत पाच लाखांत होत नाही. ती मागायचीच, पण वेगळ्या निवेदनाने, मुठाकाठ यांचा पाण्याच्या खुणांचा नकाशा जोडून. इथे मागा पावसाळी जाळ्या, चेंबरची झाकणं, पुलाचा कठडा, दोन दिवे. आणि लिहा असं: "अमुक चौकातील रेशन दुकानापासून सार्वजनिक शौचालयापर्यंत, ४० मीटर, दिवा नाही, सोबत फोटो आणि सहा रहिवाशांचं म्हणणं." अर्जदार रहिवासी हवा. मुलांनी फक्त लिहायला मदत करायची.

तिसरी_घंटा
आणि अर्ज केराच्या टोपलीत गेला तर?

गाळमोजणी
पोच घ्यायची, शिक्का आणि आवक क्रमांकासह. दोन महिन्यांनी माहिती अधिकारात अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा.

भिडू_नं_७
१५० शब्द! इथल्या निम्म्या सदस्यांना माहिती अधिकार कायमचा बंद.

उंबरठा
१५० शब्दांत मावणारी गोष्ट गोष्टच नसते, हे माझं मत कायम. पण कार्यालयात माणूस स्वतः बोलणार असेल तर माझा विरोध मागे घेते. फक्त त्याची आठवण मुलांनी तिथे वाचून दाखवू नये. माणूस समोर बसलेला असताना त्याचा आवाज दुसऱ्याने कशाला काढायचा?

गाळमोजणी
शंभर टक्के मान्य. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे नागरिक आणि अधिकारी यांच्या, बैठकीला चार-पाच रहिवासी जातील असं बघा, प्रत्येकी दोन मिनिटं, एक फोटो, एक मागणी. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही २००९ पासून कायद्यात आहे. ती भरते का, यावर वेगळा धागा काढावा लागेल आणि तो शंभरी गाठेल.

रानवाट
हे सगळं शहरी झालं. गावात करायचं तर?

मुठाकाठ
गावात सोपं आहे, कारण ग्रामसभा कायद्यानेच आहे, वर्षात किमान चार. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पहिली सभा ओस आणि दुसरीत दहा जणांत ठराव, हा खेळ चालतो. मुलांच्या मुलाखती ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत वाचून दाखवा. तिथून ठराव पुढे गेला की इतिवृत्तात येतो. ग्रामपंचायतीच्या "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात काम घालायचं तर ते इतिवृत्तात असणं बरं.

नदीपल्याड
मुंबईत 'पुकार' ही संस्था बरीच वर्षं तरुणांच्या गटांकडून त्यांच्याच वस्तीचं संशोधन करून घेते. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे संशोधक बाहेरून येत नाहीत. या ४० मध्ये ओढ्याकाठी राहणारी मुलं असतील, तर त्यांना जोड्यांचे प्रमुख करा.

खडूचा_तुकडा
जाता जाता मतदार नोंदणीही उरका. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी १८ पूर्ण हवीत त्या, आता वर्षाला चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

काळजीवाहू
थांबा! ते त्याच भेटीत नको. मुलाखत घेऊन लगेच मतदार यादी काढलीत की "कुठल्या पक्षाचे?" हा प्रश्न आलाच. वेगळा दिवस, वेगळं टेबल. आणि आचारसंहिता लागली असेल तर प्रदर्शनात कोणाच्याही शुभेच्छांचा फलक नाही.

पाटीपेन्सिल
सर्वांचे आभार. बदललेला बेत: जूनमध्ये सराव आणि खात्यांची ओळख, जुलैत मुलाखती (पत्र्याच्या घरांत नुसती टिपणं), मग वाचून दाखवणं आणि अर्ज. ६० ऐवजी ४० मुलाखती, वाचलेला वेळ परत जाण्यासाठी. एकच अडलंय: प्रदर्शन कुठे? महाविद्यालयाचं सभागृह मिळतंय.

सौ_टपालहंशील
सभागृहात कोण येणार, तुमचेच प्राध्यापक. गणपतीत लावा. मंडप तयार, वीज तयार, दहा दिवस गर्दी तयार, आणि अर्जांची मुदतही त्याच सुमारास. मंडळाला सांगा, देखाव्याच्या बाजूची एक कनात द्या. एका फलकावर एकच आठवण, अक्षर चार हातांवरून वाचता येईल एवढं. खाली कोरे अर्ज आणि दोरीला बांधलेलं पेन.

आजोबांचा_रेडिओ
आवाज स्पीकरवर लावू नका, आरतीत बुडेल. दोन हेडफोन, दोन खुर्च्या, तीन-तीन मिनिटांचे तुकडे. नुसतं स्कॅन करायचं चौकोनी चिन्ह चिकटवून मोकळे होऊ नका, ज्यांच्या आठवणी आहेत त्यांनाच ते उघडता येत नाही.

भिडू_नं_७
हेडफोनही दोरीलाच बांधा. पेनाचं जे होतं तेच त्याचं होतं.

पाटीपेन्सिल
दोरी यादीत घेतली. मंडळाच्या अध्यक्षांना शनिवारी भेटते. महिला बचत गटाकडेही त्याच दिवशी जाते, म्हणजे एकाच दारातून गेल्यासारखं होणार नाही.